ताई, बूट कोणते घेऊ?

हा प्रश्न मला कुठंही गाठतो. पेट्रोल पंपावर, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर बँकेच्या रांगेत. "ताई, गाडी घेतली, हेल्मेट झालं, जॅकेट झालं. आता बूट. रोडवाले घेऊ का ऑफरोडवाले, म्हणजे कच्च्या वाटेचे? का दोन्हीकडं चालणारे मिळतात?" विचारणाऱ्याच्या पायात बहुतेक वेळा सँडल असते.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, पण आधी एक सांगा. गेल्या महिन्यात गाडी कुठं कुठं गेली? कुठं जाणार आहे ते नको. जाणार तर सगळेच लडाखला असतात.

आमच्या कोल्हापुरात बूट घालून गाडी चालवणारा म्हणजे एकतर पोलीस, नाहीतर पाहुणा. माझ्या सासऱ्यांनी जन्मभर बुलेट चालवली ती पायताण घालून. किकनं उलटा दणका दिल्याची खूण त्यांच्या उजव्या नडगीवर शेवटपर्यंत होती आणि ती ते कौतुकानं दाखवायचे. त्यामुळं मी पहिल्यांदा गाडीसाठी बूट घ्यायचे म्हटल्यावर घरात हशा झाला. मग मीही काटकसर केली. ट्रेकिंगचे बूट होतेच, चांगले घोट्याच्या वरपर्यंतचे. तेच घालायला लागले.

जुलै महिना. पन्हाळ्याच्या पुढं मसाई पठाराकडं जाणारी कच्ची वाट. माझी गाडी रॉयल एनफिल्डची हिमालयन, म्हणजे जवळजवळ दोनशे किलोचं धूड. धुकं उतरलं म्हणून परत फिरायचं ठरवलं, गाडी थांबवली आणि डावा पाय टेकला. खाली जांभा दगड, त्यावर शेवाळ. पाय बाहेर सरकला, गाडी डावीकडं कलली आणि माझा पाय तिच्याखाली. वेग शून्य. इंजिन सुरू, गिअर न्यूट्रलमध्ये, आणि घोट्याचं बाहेरचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

बुटाला काही झालं नव्हतं. धुऊन वाळवला आणि पुढं तीन वर्षं वापरला.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ट्रेकिंगचा बूट पाय वळू देण्यासाठीच केलेला असतो, नाहीतर डोंगर चढणार कसा? गाडीच्या बुटाचं काम नेमकं उलटं. त्यानं पाय पुढं-मागं वाकू द्यायचा, पण आडवा मुरगळू द्यायचा नाही, आणि वरून वजन पडलं तर तळव्यानं आडवं दबायचं नाही. एवढं तो करत असेल तर तो गाडीचा बूट. नसेल तर साधा बूट, मग त्यावर कितीही रेसिंगचे पट्टे असोत.

दुकानात हे तपासायला अक्कल लागत नाही, हात लागतात. एका हातात टाच, दुसऱ्यात चवडा धरा आणि ओलं फडकं पिळतो तसं पिळून बघा. सहज पिळला गेला तर खाली ठेवा. चवड्यापाशी दोन्ही बाजूंनी दाबा. घोट्यावर अंगठा रोवा, आत कडक वाटी लागली पाहिजे. मग आतलं लेबल शोधा. युरोपातलं ईएन १३६३४ हे प्रमाणपत्र असेल तर मोटारसायकलस्वाराचं छोटं चित्र असतं आणि सोबत चार आकडे, प्रत्येक १ किंवा २. पहिला आकडा उंचीचा, दुसरा घासण्याचा, तिसरा कापण्याचा, चौथा आडव्या दाबाचा. २ म्हणजे वरचा दर्जा. मी आधी चौथा बघते, का ते वर सांगितलंच. घोट्याला जादा संरक्षण असेल तर आयपीए अशी अक्षरंही असतात. हेल्मेटला आयएसआय बघतो, तसं हे बघायची सवय लावून घ्या.

आता रोड की ऑफरोड.

ऑफरोडचा बूट मी घेतला होता, प्लास्टर निघाल्यावरच्या रागात. गुडघ्याच्या खालपर्यंत उंच, नडगीवर प्लास्टिकची ढाल, घोट्याला बिजागरी, चार बकल, तळव्यात पोलादी पट्टी. जोडीचं वजन सहज तीन-चार किलो. दगडगोट्यांतून फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांडीवर, उभं राहून गाडी चालवायची असेल तर याला तोड नाही. मऊ तळव्याच्या बुटानं अर्ध्या तासात पेग तळपायात रुततो, इथं कळतही नाही. पुढच्या चाकानं उडवलेला दगड नडगीवर टक्कन वाजतो, तेवढंच.

पण मी राहते कोल्हापुरात आणि माझी बहुतेक फेरी गगनबावडा, करूळ घाट, खाली कोकण. डांबरी. त्या बुटात मागचा ब्रेक किती दाबलाय ते पायाला कळेना. टोलनाक्यावर ऑइल सांडलेल्या जागी त्याचा कडक तळवा असा सरकला की मसाई पठार आठवलं. आणि चालताना प्रत्येक पावलाला कर्र, कर्र. वैभववाडीत चहाला थांबले तर टपरीवरच्या पोरानं मागं वळून, "काकू, पाय मोडलाय का?" म्हणून विचारलं.

म्हणून माझं मत: महिन्यातून दोनदा तरी मुद्दाम चिखलात जाऊन पडत असाल, तरच ऑफरोडचे घ्या. बाकीच्यांनी, म्हणजे दहांतल्या नवांनी, टूरिंगचे, म्हणजे डांबरी रस्त्यावरच्या लांबच्या प्रवासाचे घ्यावेत. पोटरीपर्यंत उंच, घोट्याला वाटी, नडगीला पॅड, रबरी तळवा. 'दोन्हीकडं चालणारे' अॅडव्हेंचर बूट मिळतात आणि ते वाईट नसतात, पण ते ऑफरोडवाल्यांपेक्षा मऊ आणि टूरिंगवाल्यांपेक्षा जड असणार हे धरून चाला. शहरातल्या ऑफिसपुरते घोट्याएवढे आखूड बूटही पायताणापेक्षा शंभर पटीनं बरे. फक्त नाडी आत खोचा. गिअरच्या लिव्हरमध्ये अडकलेली नाडी सिग्नलला पाय टेकताना कळते, म्हणजे उशिरा.

वॉटरप्रूफ घ्यावे का? घ्या, पण भाबडेपणानं नको. आतलं मेंब्रेन, म्हणजे पातळ पडदा, बाहेरचं पाणी अडवतं, पण आमच्याकडच्या पावसात पाणी वरून येतं, पँटीतून ओघळत. रेनपँट बुटाच्या बाहेरून आली पाहिजे, आत खोचलेली नाही. हिमाचलात ग्रांफूहून काझाकडं जाताना दुपारनंतर बर्फ वितळून नाले फुगतात. तिथं पाणी बुटाच्या तोंडावरून आत गेलं की तोच वॉटरप्रूफ बूट बाटलीसारखा ते धरून ठेवतो. ओले बूट उन्हात किंवा हीटरपुढं ठेवू नका. वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दर दोन तासांनी बदला. कपाटातही वर्षानुवर्षं ठेवू नका, पीयूचा (पॉलियुरेथेनचा) तळवा दमट हवेत आपोआप भुसभुशीत होतो. माझ्या भावाचा जिन्यात सुटला, गाडीवर नाही हे नशीब.

बायकांसाठी वेगळं सांगायला हवं. माझं माप युरोपियन ३७. मी गेले त्या तिन्ही दुकानांत मापं ४० पासून पुढं. "दोन मोजे घाला, मॅडम." घालू नका. बूट मोठा झाला की घोट्याची वाटी घोट्यावर राहतच नाही, मग ती असून उपयोग काय? वाट बघा, मागवून घ्या. उंची कमी असेल तर जाड तळव्याचे बघा, पाव इंचानंही पाय टेकायला फरक पडतो. जर्मनीची डेटोना ही कंपनी तर मुद्दाम आतून उंची वाढवलेले बूट करते.

घालून बघायचे ते संध्याकाळी, पाय सुजलेले असताना, आणि गाडीचेच मोजे घालून. जमल्यास गाडीवर बसून. पहिल्या दिवशी बुटाचं जाड टोक लिव्हरखाली जाणार नाही, गिअर पडणार नाहीत, आणि तुम्ही मला फोन करून म्हणाल, बूट चुकले. बूट चुकलेले नसतात. मेकॅनिककडं जा आणि लिव्हर एक दात वर घ्यायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे, आमचा तर पैसेही घेत नाही, फक्त बुटांकडं बघत हसतो.