गुलाबी बोंडअळीचं सर्वेक्षण: बोंड फोडल्याशिवाय आकडा लिहू नये

कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीच्या सर्वेक्षणात मी सापळ्यापेक्षा बोंडावर जास्त भरवसा ठेवतो. सापळ्यात फक्त नर पतंग येतात. आजूबाजूला उडणं सुरू झालंय, एवढंच त्यावरून कळतं. अळी आत शिरली का, ते बोंड फोडूनच दिसतं.

तरी सुरुवात सापळ्यानेच. टेहळणीला हेक्टरी 5 कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे सापळे, पुरतात. ते कपाशीच्या शेंड्याच्या वर बांधायचे आणि झाड वाढेल तसे वर सरकवायचे. पानांत बुडालेला सापळा रिकामा राहतो आणि आपण उगाच खूश होतो. ल्युअर, म्हणजे तो वास असलेली गोळी, लावताना हातमोजे हवेतच. दुसऱ्या किडीच्या ल्युअरचा वास बोटांना असेल तर भलतेच पतंग येतात. सापळ्याच्या पिशवीचं खालचं तोंड सैल राहिलं की पतंग निसटतात, मुंग्या शिरल्या की नुसते पंख उरतात. सापळ्यामागे 8 पतंग सलग 3 रात्री, ही नुकसानीची पातळी. ती पाहायची तर मोजणी रोज हवी.

बोंडांसाठी धुऱ्याच्या ओळी सोडून शेतात नागमोडी चालतो. 20 झाडं, प्रत्येकी एक मध्यम वाढीचं हिरवं बोंड. किडकं दिसतंय म्हणून तेच तोडायचं नाही, चांगलं दिसतंय म्हणून सोडायचंही नाही. अळी शिरल्यावर बाहेरचं छिद्र बुजतं, त्यामुळे बोंड वरून ठणठणीत वाटतं. बोंडाची पाकळी, म्हणजे बाहेरचं कवच, सोलून आतला पापुद्रा बघायचा: अळीने पोखरलेली बारीक वाट किंवा फोडासारखा उंचवटा तिथे सापडतो. मग एकेक सरकी दाबून पाहायची. नवखा माणूस गुलाबी रंग शोधतो आणि फसतो. लहान अळी पांढुरकी असते, डोकं तेवढं काळपट. गुलाबी छटा मोठेपणी येते. 20 बोंडांत 2 जिवंत अळ्या म्हणजे 10 टक्के, फवारणीचा निर्णय तिथे होतो. त्याआधी, फुलोऱ्यात, डोमकळ्या, म्हणजे आत अळी असल्याने नीट न उमललेली फुलं, मोजून घेतो.

काही सापडलं नाही तरी नोंदवहीतली ओळ कोरी सोडत नाही, शून्य लिहितो. कोऱ्या ओळीवरून तपासलं आणि नव्हतं, की कुणी गेलंच नाही, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. ओळख पटवायला पाठवायची अळी आधी गरम पाण्यात मारून मग 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवतो. थेट टाकली तर काळी पडते. चिठ्ठी पेन्सिलने लिहून बाटलीच्या आत. शाई विरघळते.