सीच्या जुन्या कोडला कोणता टेस्ट फ्रेमवर्क लावू?

‘मॅडम, आमच्याकडे सी भाषेतलं एक जुनं पॅकेज आहे. टेस्ट एकही नाही. कोणता फ्रेमवर्क लावू?’ नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुली हे विचारतात, आणि वीस-वीस वर्षं सी लिहीत आलेले लोकही विचारतात. टेस्ट लिहायला आणि चालवायला मदत करणाऱ्या या तयार साधनांची नावं त्यांनी आधीच काढून ठेवलेली असतात: चेक, सीमोका, युनिटी, क्रायटेरियन. त्यातल्या एकावर मी बोट ठेवावं, एवढीच अपेक्षा असते. मी उलट विचारते, ‘उद्या तुमचा कोड चुकला, तर तुमची टेस्ट नक्की नापास होईल का? आणि नापास झाली, तर ते बिल्ड आणि टेस्ट चालवणाऱ्या मेक कमांडपर्यंत पोचेल का?’ बहुतेक वेळा समोरचा जरा गप्प होतो. तुम्ही विचारलंत म्हणून आज सविस्तर सांगते, कारण माझ्या लेखी सीमधल्या टेस्टिंगचं सगळं मर्म या प्रश्नात आहे.

जावा किंवा पायथनमध्ये ॲरेच्या बाहेर हात घातला की एक्सेप्शन येतं आणि टेस्ट आपोआप पडते. सीमध्ये तसं कुणी अडवत नाही. बफरच्या, म्हणजे मजकुरासाठी राखलेल्या मेमरीच्या, पुढं दोन बाइट लिहिले, तरी प्रोग्रॅम खुशाल पुढं जातो, बरोबर उत्तर छापतो आणि टेस्ट पास होते. म्हणजे सीमधली पास झालेली टेस्ट एवढंच सांगते की आज, या मशीनवर, या कंपायलरनं, काही दिसलं नाही.

एक उदाहरण अगदी जवळून बघू. ग्राहकाचं किंवा गावाचं नाव ३२ बाइटच्या बफरमध्ये उतरवणारं एखादं छोटं फंक्शन जुन्या पॅकेजमध्ये हमखास असतं. आत स्ट्रएनकॉपी, म्हणजे ठरावीक बाइटपर्यंत मजकूर उतरवणारं सीचं फंक्शन, आकार ३२. रोमन लिपीतलं ‘पुणे’ देऊन टेस्ट लिहिली, पास झाली. आता देवनागरी द्या. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, वेलांटी, हलंत हे सगळं धरून. ‘मराठी’ म्हणजे ५ चिन्हं, १५ बाइट. ‘महाराष्ट्र’ म्हणजे १० चिन्हं, ३० बाइट. मजकूर संपल्याची खूण म्हणून सी शेवटी एक शून्य बाइट ठेवतं, तो धरून ३१, म्हणजे बसतं. ‘महाराष्ट्रात’ म्हणजे ३६ बाइट. स्ट्रएनकॉपी त्यातले पहिले ३२ उचलतं आणि शेवटी शून्य टाकतच नाही, कारण स्रोत लांब असेल तर ते टाकायचं नाही, असंच त्या फंक्शनचं ठरलेलं वागणं आहे. आता हे नाव छापायला गेलात की वाचन बफरच्या बाहेर जातं. बाहेरचा पहिला बाइट योगायोगानं शून्य असला, तर सगळं ठीक दिसतं आणि टेस्ट पास होते.

म्हणून मी म्हणते, सीमध्ये सॅनिटायझर, म्हणजे प्रोग्रॅम चालताना अशा चुका पकडणारी कंपायलरची सोय, हाच निम्मा फ्रेमवर्क आहे. जीसीसी किंवा क्लँग या कंपायलरमध्ये ॲड्रेस सॅनिटायझर चालू करून तीच टेस्ट पुन्हा चालवा. बफर स्वतंत्र असेल, तर वाचन ज्या ओळीवर बाहेर गेलं त्या ओळीसकट अहवाल येतो आणि प्रोग्रॅम तिथंच थांबतो. वेग साधारण निम्मा होतो. एवढ्या फायद्यापुढं ती किंमत काहीच नाही. पण तोच बफर एखाद्या स्ट्रक्टच्या, म्हणजे अनेक फील्ड एकत्र बांधलेल्या रचनेच्या, पोटात असेल आणि वाचन शेजारच्या फील्डमध्ये गेलं, तर सॅनिटायझर गप्प बसतो, कारण ती मेमरी त्याच स्ट्रक्टची असते. तिथं टेस्टमध्ये हातानं लिहावं लागतं: शेवटचा बाइट शून्य आहे का? आणि आतला मजकूर वैध यूटीएफ-८ आहे का?

हा दुसरा प्रश्न महत्त्वाचा. समजा कुणी शहाणपणानं ३१ बाइट कॉपी करून शेवटी शून्य टाकला. मेमरी सुरक्षित झाली, सॅनिटायझर खूश. पण बफरमध्ये ‘महाराष्ट्र’ आणि पुढच्या कान्याचा एकटा पहिला बाइट उरला. हा मजकूर पोस्टग्रेससारख्या डेटाबेसकडे गेला की तो अवैध म्हणून नाकारला जातो, आणि ज्याच्या नावावर हे घडलं तो माणूस काउंटरवर ताटकळत राहतो. बफर २८ बाइटचा असता, तर ‘महाराष्ट्’ असा हलंतावर तुटलेला शब्द उरला असता. तो यूटीएफ-८ म्हणून अगदी वैध, पण वाचणाऱ्यासाठी मोडका. कुठं तोडायचं हे ठरवणं टेस्टचं काम नाही. पण एकदा ठरलं की ते टेस्टमध्ये लिहून ठेवायलाच हवं. आपली नावं, आपली गावं ज्या सॉफ्टवेअरमधून जातात, त्याच्या टेस्ट-डेटात देवनागरी नसणं मला अजिबात चालत नाही.

आता परत मूळ मुद्द्याकडे: टेस्टला नापास होता आलं पाहिजे. हे ऐकायला सोपं वाटतं, पण सीच्या साधनांमध्ये याला सुरुंग लावणाऱ्या जागा खूप आहेत. पहिली जागा असर्ट, म्हणजे अट खोटी ठरली तर प्रोग्रॅम थांबवणारी सीची तपासणी. अनेक जण फ्रेमवर्क न घेता साध्या असर्टनं टेस्ट लिहितात. माझी त्याला हरकत नाही. पण एनडीबग हा मॅक्रो डिफाइन असेल, तर असर्ट पूर्ण नाहीसा होतो, आणि सीमेक या बिल्ड-साधनाचा रिलीज बिल्ड जीसीसीला तो मॅक्रो आपणहून देतो. म्हणजे रिलीज बिल्डमध्ये तुमच्या सगळ्या टेस्ट तपासणी न करता पास होतात. दुसरी जागा व्हॅलग्राइंड हा मेमरीच्या चुका शोधणारा प्रोग्रॅम. मेमरीच्या शंभर चुका सापडल्या, तरी तो सवयीनं तुमच्या प्रोग्रॅमचाच एक्झिट कोड (संपताना दिलेला आकडा; शून्य म्हणजे सगळं ठीक) परत देतो. चूक सापडल्यावर वेगळा कोड दे, असं त्याला पर्याय देऊन सांगावं लागतं. तिसरी जागा अनडिफाइन्ड बिहेवियर सॅनिटायझर, म्हणजे ज्यांचा परिणाम सीच्या नियमांत ठरलेलाच नाही अशा कृती पकडणारा. तो चूक छापतो आणि पुढं चालू लागतो. चुकीवर थांब, हे त्यालाही वेगळं सांगावं लागतं. चौथी जागा सगळ्यात साधी: मेक चेकचं आउटपुट फाइलमध्येही हवं म्हणून कुणीतरी पुढं पाइप करून टी ही आउटपुटची प्रत फाइलमध्ये ठेवणारी कमांड लावतो. मग शेलला दिसतो तो टी या कमांडचा एक्झिट कोड, म्हणजे कायम शून्य. बॅशमध्ये पाइपफेल चालू केल्याशिवाय सीआयवरचा, म्हणजे आपोआप टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेवरचा, हिरवा रंग मग खोटा.

यावर मी एक उपाय सगळ्यांना सांगते. प्रत्येक सूटमध्ये, म्हणजे टेस्टच्या संचात, मुद्दाम नापास होणारी एक टेस्ट ठेवा आणि ती नापास होणं अपेक्षित आहे, असं नोंदवा. ऑटोमेक या बिल्ड-साधनात यासाठी एक्सफेल टेस्ट्स नावाची यादीच आहे. त्या यादीतली टेस्ट चुकून पास झाली, तर ऑटोमेक पूर्ण सूटच नापास धरतो. असर्ट गायब झाले, तर सगळ्यात आधी हीच टेस्ट ओरडते. सॅनिटायझरसाठीही अशीच एक ठेवा: मुद्दाम बफरच्या बाहेर वाचणारी. ती पकडली गेली नाही, म्हणजे सॅनिटायझर त्या बिल्डमध्ये लागलेलाच नाही.

एक्झिट कोडचे संकेतही इथंच सांगते. ऑटोमेकच्या जगात ० म्हणजे पास, ७७ म्हणजे टेस्ट सोडून दिली, ९९ म्हणजे टेस्टची मांडणीच बिघडली. नेटवर्क नाही, म्हणून टेस्ट चालवता आली नाही, तर ७७ द्या, ० देऊ नका. न चाललेली टेस्ट पास म्हणून मिरवली, की सहा महिन्यांनी ती कधीच चालत नव्हती हे कळतं.

आता फ्रेमवर्कची नावं, कारण ती ऐकल्याशिवाय तुम्ही सोडणार नाही. लिनक्सवरची लायब्ररी असेल तर चेक घ्या. तो प्रत्येक टेस्ट फोर्क करून वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवतो, त्यामुळं एकीत सेगमेंटेशन फॉल्ट आला, म्हणजे चुकीच्या मेमरीला हात लावून ती पडली, तरी बाकीच्या चालतात. क्रायटेरियनही टेस्ट अशाच वेगवेगळ्या ठेवतो आणि लिहायला सुटसुटीत आहे. मायक्रोकंट्रोलरवर काम असेल तर युनिटी. एक सी फाइल आणि दोन हेडर, बस. दुसऱ्या फंक्शनांची नक्कल उभी करायची गरज जास्त असेल तर सीमोका. यातला कोणताही घेतलात तरी वरचं सगळं तुम्हालाच करायचंय.

ज्या भागावर सर्वात कमी वेळ दिला जातो आणि जिथं सर्वात जास्त बग दडलेले असतात, तो म्हणजे अपयशाचा रस्ता. मेमरी मागायच्या मॅलॉक फंक्शननं नल दिला, म्हणजे नकार दिला, तर काय? फाइल अर्धीच लिहिली गेली तर? सीमध्ये हा रस्ता हातानं लिहिलेला असतो: गोटूनं उडी, क्लीनअप, फ्रीनं मेमरी परत, एकेक करून. आणि रोजच्या वापरात तो कधी चालतच नाही. एसक्यूलाइट या डेटाबेसची मंडळी यावर जे करतात ते मला फार आवडतं. ते मॅलॉकच्या जागी आपला एक मॅलॉक बसवतात. पहिल्या फेरीत पहिलीच मागणी नाकारायची, दुसऱ्या फेरीत दुसरी, आणि असं करत करत एकही नकार न मिळता काम पूर्ण होईपर्यंत जायचं. प्रत्येक फेरीत प्रोग्रॅम पडता कामा नये, मेमरी गळता कामा नये, डेटाबेस बिघडता कामा नये. कर्ल या नेटवर्कवरून डेटा आणणाऱ्या साधनाच्या टेस्ट सूटमध्येही असाच प्रकार आहे, त्याला ते टॉर्चर टेस्ट म्हणतात. हे ऐकून लोक म्हणतात, ‘ते मोठे प्रकल्प आहेत, आम्हाला कुठं झेपणार?’ झेपतं. ग्नूच्या लिंकरमध्ये, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, रॅप नावाचा पर्याय आहे. तो दिला की तुमच्या कोडमधून मॅलॉकला जाणारा प्रत्येक कॉल तुमच्या फंक्शनकडे वळतो आणि खरा मॅलॉकही वेगळ्या नावानं हाताशी राहतो. आत एक काउंटर ठेवा, बाहेर एक लूप. पन्नासेक ओळींचं काम आहे, आणि जुन्या पॅकेजवर ते पहिल्यांदा चालवलं की दोनदा फ्री केलेले पॉइंटर असे बाहेर पडतात की विचारू नका.

अपयशाच्या रस्त्याचा दुसरा भाग म्हणजे चुकीचा इनपुट. २०१४च्या फेब्रुवारीत ॲपलच्या एसएसएल, म्हणजे सुरक्षित जोडणीच्या, कोडमधला बग बाहेर आला. ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून लागोपाठ दोनदा लिहिली गेली होती. दुसरी ओळ कुठल्याच अटीखाली नव्हती, त्यामुळं समोरच्या सर्व्हरची डिजिटल सही तपासण्याचा टप्पा वगळला जायचा आणि फंक्शन यशस्वी म्हणून परतायचं. खऱ्या सहीच्या कितीही टेस्ट लिहिल्या असत्या तरी त्या पासच झाल्या असत्या. खोटी सही पाठवणारी एकच टेस्ट पुरली असती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ओपनएसएसएल या त्याच कामाच्या लायब्ररीतला हार्टब्लीड नावाचा बग आला. समोरून आलेल्या संदेशात स्वतःची लांबी जेवढी सांगितली आहे, तेवढा मजकूर खरंच आहे का, हे कोणी तपासत नव्हतं. एका वेळी ६४ केबीपर्यंतची मेमरी बाहेर जात होती. लांबी खोटी सांगणारी टेस्ट लिहायला अर्धा तास लागतो. तुमच्या पॅकेजमध्ये बाहेरून लांबी घेणारं जे जे फंक्शन आहे, त्या प्रत्येकाला ती लिहा.

पॅकेजचं म्हणून एक वेगळं दुखणं असतं. सोर्सच्या फोल्डरमध्ये टेस्ट पास होतात, आणि इन्स्टॉल केलेलं पॅकेज मात्र वापरता येत नाही: एखादं हेडर जोडायचं राहिलेलं असतं, नाहीतर एखादं फंक्शन लायब्ररीतून बाहेर दिसतच नाही. ऑटोमेकचं डिस्टचेक यातलं बरंच पकडतं. ते टारबॉल, म्हणजे सगळ्या सोर्सची एकच बांधलेली फाइल, बनवतं, तो दुसरीकडे उघडतं, सोर्स फक्त वाचण्यापुरता ठेवतं, वेगळ्या फोल्डरमध्ये बिल्ड करतं, टेस्ट चालवतं, इन्स्टॉल आणि अनइन्स्टॉलही करून बघतं. डेबियन या लिनक्स वितरणाचं ऑटोपीकेजीटेस्ट याच्याही पुढं जातं. ते इन्स्टॉल झालेल्या पॅकेजचीच परीक्षा घेतं. डेबियन वापरत नसलात तरी ही पद्धत उचला. रिकाम्या कंटेनरमध्ये पॅकेज इन्स्टॉल करा, लायब्ररी कुठं आहे ते सांगणाऱ्या पीकेजी-कॉन्फिगला विचारून दहा ओळींचा प्रोग्रॅम कंपाइल करा, लिंक करा, चालवा.

जमलं तर दुसऱ्या प्रोसेसरवरही चालवा. लिनक्सवर एक्स-८६ मशीनमध्ये कॅर हा एका बाइटचा प्रकार साइन्ड असतो, म्हणजे ऋण संख्याही घेतो, आणि एआरएममध्ये अनसाइन्ड. ‘बाइट १२८ किंवा जास्त असेल तर’ अशी अट साध्या कॅरवर लिहिली, तर लॅपटॉपवर ती कधीच खरी होत नाही आणि रास्पबेरी पायवर होते. देवनागरीचा प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याहून जास्त आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

कव्हरेजबद्दल, म्हणजे टेस्टमध्ये किती कोड चालला याबद्दल, व्यवस्थापक विचारतातच, म्हणून थोडक्यात: ते मोजणारं जीकव्ह लावा, पण टक्क्यांचं लक्ष्य ठेवू नका. अहवालात लाल दिसणाऱ्या ओळी वाचा. त्या बहुतेक अपयशाच्या रस्त्यावरच्या असतात. एसक्यूलाइटनं १०० टक्के ब्रँच कव्हरेज गाठलंय, पण त्यांच्याकडे टेस्टचा कोड मूळ कोडच्या सुमारे ५९० पट आहे.

पहिली टेस्ट कुठं लिहायची, हे आता सांगते. सोपं फंक्शन शोधत बसू नका. पॅकेज कमांडच्या रूपात चालत असेल, तर बाहेरून सुरू करा: इनपुट द्या, आउटपुट साठवा, पुढच्या वेळी त्याच्याशी डिफ, म्हणजे फरक, बघा. गिटच्या टेस्ट मुख्यतः अशाच, शेल स्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या आहेत. आतलं स्टॅटिक, म्हणजे फाइलबाहेर न दिसणारं, फंक्शन तपासायचं असेल, तर टेस्टच्या फाइलमध्ये ती सी फाइलच इन्क्लूड करा. काहींना हे आवडत नाही; मला आवडतं, कारण मूळ कोडला हात लावावा लागत नाही. आणि निवड करताना शेवटचा दुरुस्त केलेला बग घ्या. ती दुरुस्ती तात्पुरती काढा, टेस्ट लिहा, ती लाल होताना स्वतःच्या डोळ्यांनी बघा, मग दुरुस्ती परत टाका आणि हिरवी होताना बघा. यापुढच्या प्रत्येक बगसाठी टेस्ट आणि दुरुस्ती एकाच कमिटमध्ये जाऊ द्या, म्हणजे दोन वर्षांनी गिट ब्लेमनं ओळीचा इतिहास बघणाऱ्याला ती टेस्ट कशासाठी आहे हे कुणाला विचारावं लागणार नाही.