तक्रार असलेल्या दिंडीचे टाळ

मी वारीला गेले ती ख्रिस्ती म्हणून, आणि परत आले तीही ख्रिस्ती म्हणूनच. हे आधी सांगते, कारण आमच्या मंडळीतल्या काहींना वाटलं की मुलगा गेल्यावर हिचा विश्वास डळमळला, आणि शेजारपाजारच्या काहींना वाटलं की हिला आता विठ्ठल पावणार. दोन्ही नाही. मला चालायचं होतं. घरात बसवत नव्हतं आणि चर्चमध्ये त्याहून बसवत नव्हतं.

आमचा मुलगा नऊ वर्षांचा होऊन गेला. अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग. लहान मुलांच्या कर्करोगांत सगळ्यात जास्त आढळणारा हाच. डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं की यातून बरी होणारी मुलं बरीच असतात. ते खरं होतं. आमच्या वॉर्डातली कितीतरी पोरं आज शाळेत जातात, त्यांच्या आया अजून मला फोन करतात, आणि त्यांचा आवाज ऐकून मला आनंद होतो. खरंच होतो. फोन ठेवल्यावर मात्र काही वेळ काही सुचत नाही.

उपचार लांबलचक असतात. पाठीच्या कण्यातून द्यायची इंजेक्शनं. लाल रंगाचं एक औषध, जे चढवलं की लघवीही लालसर व्हायची आणि तो घाबरून माझ्याकडे बघायचा. स्टिरॉइडच्या दिवसांत मध्यरात्री उठून जेवायला मागायचा, पोटभर खाऊन पुन्हा मागायचा, चेहरा गोल गोल झालेला. पुढे तोंडात असे फोड की पाण्याचा घोट उतरेना. पांढऱ्या पेशी खाली आल्या की गर्दीत न्यायचं नाही, म्हणून उपासना बंद, शब्बाथ शाळा बंद. नाताळच्या नाटकात त्याला मेंढपाळ व्हायचं होतं, ते राहिलं. त्याच्या बाबांनी एक वही केली होती, तिच्यात प्रत्येक तपासणीचे आकडे. हिमोग्लोबिन, प्लेटलेट, पेशी. अक्षर इतकं नीटनेटकं की डॉक्टरसुद्धा फाइल बाजूला ठेवून वहीच मागायचे.

उपचार संपले, केस आले, शाळा सुरू झाली. आणि मग एका सकाळी अंघोळ घालताना त्याच्या पायांवर निळे डाग दिसले. आजार उलटला होता. त्यानंतरचं मी लिहिणार नाही.

दफनविधीच्या वेळी पाळकसाहेबांनी बायबलमधल्या ईयोबाचं वचन वाचलं, ज्याची दहाही मुलं गेली त्या माणसाचं. देवाने दिलं, देवाने नेलं, त्याचं नाव धन्य असो. मोठ्यांच्या दफनातही तेच वाचतात, मी लहानपणापासून ऐकत आले आहे. पण पेटी इतकी लहान होती. नंतर घरी येणाऱ्यांनी आपापल्या परीने धीर दिला. देवाला कळ्या आवडतात. तो आता चांगल्या ठिकाणी आहे. आशा नसलेल्या लोकांसारखं आपण रडायचं नाही. वाईट हेतू कुणाचाच नव्हता, आणि तो प्रभूजवळ आहे यावर माझा विश्वास आहे, त्या दिवशीही होता. पण ही वाक्यं आमच्या दुःखावर उतू जाणाऱ्या भांड्यावर झाकण दाबावं तशी दाबली जात होती. माझा नवरा सगळ्यांना "ठीक आहे, ठीक आहे" म्हणायचा. घरच्या प्रार्थनेत तो फक्त प्रभूची प्रार्थना म्हणायचा, पाठ असलेली. स्वतःचा एक शब्द नाही. आमची धाकटी त्याच्याकडे बघत राहायची.

शेजारच्या मावशी दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर चालतात. हॉस्पिटलात त्यांनी आमच्यासाठी रात्री काढल्या होत्या. ज्येष्ठात त्या पिशवी भरायला लागल्या आणि मला म्हणाल्या, "चल माझ्यासंगं. नाव कुणाचं घ्यायचं ते तुझं तू बघ. पाय तर हलव." दिंडीच्या विणेकऱ्यांना मी आधीच सांगितलं, मी ख्रिस्ती आहे, माळ घालणार नाही, गळ्यात क्रूस राहील. ते म्हणाले, "माउली, तंबूत जागा आहे. पहाटे तीनला उठावं लागतं, एवढं जमेल का?"

सासूबाईंना हे पटलं नव्हतं. त्यांनी पहिल्या आज्ञेची आठवण करून दिली, की माझ्याखेरीज तुला दुसरा देव नसावा. मी त्यांना दोष देत नाही, त्यांनीही नातू गमावला होता.

आळंदीहून निघालो तेव्हा एका म्हाताऱ्या वारकऱ्याने रस्त्यातच वाकून माझ्या पायांना हात लावला. मी दचकून मागे सरले. "माउली, माउली" म्हणत तो पुढे गेला, त्याला माझं नाव, गाव, धर्म काहीच नको होतं. ज्यांना हे सगळे माउली म्हणतात ते ज्ञानेश्वर एकविसाव्या वर्षी समाधिस्थ झाले, 1296 साली. आईबाप आधीच गेलेले, पाठीमागे भावंडं. सासवडच्या मुक्कामी सोपानकाकांच्या समाधीपाशी मावशी मला सांगत होत्या की पुढच्या थोड्याच काळात ही भावंडंही एकामागून एक गेली. मी हिशेब करत होते. पोरंच होती सगळी. आणि एवढा मोठा समाज सातशेहून अधिक वर्षं एका पोराला आई म्हणून हाक मारतो आहे.

पुणे ते सासवड हा वाटेतला सगळ्यात लांबचा टप्पा, त्यात दिवे घाट. रथाला जादा बैलजोड्या लावतात. पाऊस अंगावर घेत, टाळांच्या तालावर माणसं चढ चढतात. माझ्या टाचांना फोड आले होते. एका बाईने काही न विचारता माझा पाय मांडीवर घेतला, सुईदोरा फोडातून आरपार ओवला, पाणी काढलं आणि दोरा तसाच ठेवला. "उद्याला बसल," म्हणाली. ती परभणीकडची. तिच्याशी माझी गट्टी जमली, आणि त्या रात्रीपासून आम्ही तंबूत शेजारी शेजारी निजू लागलो.

पुढच्या एका मुक्कामी कीर्तनात गोरोबाकाकांची कथा लागली. नामात दंग होऊन चिखल तुडवताना स्वतःचं रांगतं मूल पायाखाली आलं, ती. महाराज रंगात आले होते. शेवटी देव मूल परत देतो, लोकांनी टाळ्या वाजवल्या, गजर झाला. मी उठून बाहेर गेले. आमच्या बायबलातही याइर नावाच्या माणसाची मेलेली मुलगी आहे, बारा वर्षांची. सगळे रडत असताना येशू तिचा हात धरतो, "मुली, ऊठ" म्हणतो आणि ती उठते. मुलगा गेल्यापासून हा पाठ आला की मी मान खाली घालून बसायचे. परभणीची बाई माझ्यामागून बाहेर आली होती. तिचा मुलगा शेततळ्यात गेला, हे मला तोवर माहीत नव्हतं. अंधारात ती म्हणाली, "त्याचा आला. आपला नाही आला." आणि मग आम्ही दोघी रडलो, पोटभर. कुणी गप्प करायला आलं नाही.

आता मला जे सांगायचं आहे ते. संध्याकाळी पालखी तळावर पोहोचली की समाजआरती होते. सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात, शेकडो टाळ एकदम वाजत असतात, काही ऐकू येत नाही. मग चोपदार हातातला चोप, म्हणजे मानाचा दंड, उंच करतात, मोठ्याने पुकारा करतात, आणि एवढा अफाट समुदाय क्षणात शांत होतो. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची माहिती, दुसऱ्या दिवशी निघायची वेळ, सगळं तेव्हा सांगतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी त्या शांततेतही टाळ थांबवत नाही. ती वाजवतच राहते. मग चोपदार चालत त्या दिंडीपाशी जातात, काय झालं ते ऐकून घेतात. त्यानंतर आरती.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं कुणाला पुकारा ऐकू आला नाही. मावशींनी समजावलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. एवढ्या मोठ्या शिस्तीच्या मधोमध तक्रारीसाठी जागा राखलेली आहे. गप्प न बसणाऱ्याला कुणी बेशिस्त म्हणत नाही. त्याची भक्ती कमी पडली असं म्हणत नाही. उलट, ज्यांच्या हातात चोप आहे तेच त्याच्याकडे चालत जातात.

मावशी म्हणाल्या, "आमचे तुकोबा तर देवाशीच भांडायचे." दुष्काळात त्यांची बायको गेली, मुलगा गेला, दिवाळं निघालं. ते विठ्ठलाला सोडून गेले नाहीत आणि त्याच्यापुढे गोड गोड बोललेही नाहीत.

त्या रात्री तंबूत मोबाइलवर मी ईयोब उघडला. देवाने दिलं, देवाने नेलं, हे वचन पहिल्या अध्यायात आहे. पुस्तकाचे अध्याय 42. तिसऱ्या अध्यायात हाच माणूस आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. पुढे पानंच्या पानं तो देवाला जाब विचारतो, आणि त्याचे मित्र त्याला पटवत राहतात की देव न्यायी आहे, तुझंच काहीतरी चुकलं असेल, गप्प राहा. आणि शेवटी देव काय म्हणतो? की माझ्याविषयी नीट बोलला तो ईयोब, हे मित्र नव्हे. लहानपणापासून ऐकलेलं पुस्तक, पण आम्ही दफनभूमीत पहिला अध्याय वाचून घरी जातो. शेवटी ईयोबाला पुन्हा दहा मुलं झाली हेही तिथेच लिहिलं आहे. आधीच्या दहांची आठवण त्याच्या घरात कशी काढत असतील, हे मात्र लिहिलेलं नाही. मला ते वाचायला आवडलं असतं.

लाजर या आपल्या मेलेल्या मित्राच्या कबरेपाशी येशू रडला, हेही मग आठवलं. काही वेळातच तो त्याला जिवंत करून बाहेर बोलावणार होता, तरी आधी रडला. आणि वधस्तंभावर त्याने हाक मारली ती "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास" अशी. आमच्या विश्वासाच्या अगदी मध्यभागी ही हाक आहे. मग आमच्याच घरात आम्ही इतके सभ्य का झालो होतो?

फलटणच्या मुक्कामी माझा नवरा धाकटीला घेऊन आला. आरतीला आम्ही तिघं कडेला उभे होतो. चोप वर गेला, सगळं शांत झालं, आणि लांब कुठेतरी टाळ वाजत राहिले. धाकटीने कारण विचारलं, मी सांगितलं. ती बाबांना म्हणाली, "आपली पण तक्रार आहे ना?" त्याने तिला कडेवर घेतलं. एवढी मोठी झालेली, पाय लोंबत होते तिचे. "आहे," तो म्हणाला. "खूप मोठी आहे." नंतर रस्त्याच्या कडेला बसून तो बोलत राहिला. वहीतल्या आकड्यांबद्दल. शेवटच्या पानावर त्याने रकाने आखून ठेवले होते आणि ते रिकामे राहिले, त्याबद्दल. मला हे माहीतच नव्हतं.

पुढचं लवकर सांगते. रिंगणं पाहिली, वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र आल्या, पंढरपुरात पाय ठेवायला जागा नव्हती. मी दर्शनबारीत उभी राहिले नाही. मावशींनी लांबून कळसाला हात जोडले, त्यांचे डोळे भरून आले होते, आणि त्यांच्या आनंदात मला आनंद झाला. मी चंद्रभागेच्या वाळवंटात बसून माझ्या प्रभूशी बोलले, मोठ्याने बोलले. त्या गजरात कुणाला ऐकू जाणार होतं? तू त्याला बरं करू शकत होतास, असं मी म्हटलं. पुष्कळ वेळा म्हटलं. उत्तर मिळालं नाही. पण ज्याच्याशी भांडते तो समोर आहे, ऐकतो आहे, हे मला वर्षभरात पहिल्यांदा जाणवलं.

घरी आल्यावर मी पाळकसाहेबांना भेटले आणि स्मरणदिनाच्या उपासनेत ईयोबाचा तिसरा अध्याय वाचा अशी विनंती केली. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी सांगितलं की त्यांची एक बहीण लहानपणी गेली आणि घरात तिचं नाव कुणी घेत नसे. त्यांनी तो अध्याय पूर्ण वाचला. दोन-तीन कुटुंबांना रुचलं नाही, एक ताई मध्येच उठून गेल्या. वयाने मोठ्या असलेल्या एका काकांनी मात्र नंतर माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन आपल्या मुलीबद्दल सांगितलं. चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट होती.

आता रात्रीच्या प्रार्थनेत आम्ही तिघंही आपापल्या शब्दांत बोलतो. धाकटीची तक्रार बहुतेक दिवशी तीच असते, की दादा तिला सायकल शिकवणार होता. माझा नवरा तिला शिकवतो आहे. ब्रेक अजून उशिरा दाबते.

मंडळीत एका घरी लेकराचा आजार निघाला आहे. परवा आम्ही दोघं जाऊन आलो. त्याने त्यांना वही कशी करायची ते दाखवलं. ती आई देवाला वाटेल ते बोलत होती, मी शेजारी बसून ऐकत होते. रविवारी पुन्हा जाणार आहोत.