लोकांनी वाचावं म्हणूनच

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत येतो, बँकेच्या रांगेत येतो, मार्केट यार्डात अडतीवर हिशोब बघत बसलेली असते तिथंही येतो. "ब्लॉग लिहिता म्हणे तुम्ही. पैसे मिळतात का त्याचे?" नाही म्हटलं की पुढचं ठरलेलं, "मग कशासाठी? लोकांनी बघावं म्हणून?"

हो. लोकांनी वाचावं म्हणूनच. स्वतःपुरतं लिहायचं असतं तर वही होती. माझी आई लिहायची तसं. दुधाच्या हिशोबाच्या मागच्या पानावर चार ओळी, आणि वही कपाटात साड्यांखाली. तिला वाचणारं कुणी नको होतं, तो तिचा आनंद होता. मला वाचणारं माणूस हवं आहे, आणि हे सांगताना मला मान खाली घालावीशी वाटत नाही.

सांगलीत तरी हे फार समजावून सांगायला लागू नये. 5 नोव्हेंबर 1843 ला विष्णुदास भाव्यांनी इथं 'सीता स्वयंवर' उभं केलं, तेव्हापासून हे गाव नाटकवाल्यांचं. नटाला समोर प्रेक्षक हवा असतो, त्याला आपण हाव म्हणत नाही. उलट खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर आपल्यालाच वाईट वाटतं. मग लिहिणाऱ्यानंच का म्हणत राहायचं, की मला काही नको, मी आपलं माझ्या समाधानासाठी लिहितो? बाईला तर हे जास्तच म्हणावं लागतं. पुरुष लिहितो तेव्हा त्याला छंद असतो, बाई लिहिते तेव्हा तिला प्रसिद्धीची हौस. हे मला मान्य नाही.

काश्मीरच्या मम्मट या संस्कृत पंडितानं अकराव्या शतकात 'काव्यप्रकाशा'त काव्य कशासाठी, याची यादी दिली आहे. तिची सुरुवातच 'काव्यं यशसेऽर्थकृते' अशी आहे. आधी यश, मग पैसा. मग व्यवहाराचं ज्ञान, अमंगळाचा नाश, वाचतानाच मिळणारा आनंद, आणि प्रिय बायकोनं समजवावं तसा उपदेश. यशाचं उदाहरण म्हणून तो थेट कालिदासाचं नाव घेतो. नाव व्हावं असं वाटणं त्याला हलकं वाटलं नाही, त्यानं ते पहिल्या जागेवर मांडलं. शाळेत संस्कृत शिकताना हा श्लोक पाठ केला तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं. आता फार धीर देतो.

पण लक्ष वेधून घ्यायची ओढ नेहमीच निर्मळ असते, असं मी म्हणणार नाही. ऑगस्ट 2019 च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 45 फूट. त्या दिवसांत ज्याच्या फोनला चार्जिंग होतं तो लिहीत होता. कुठला रस्ता बंद झाला, बोट कुठं पोचली, कुणाच्या घरी बाळंतीण आहे, कुणाला औषध हवंय. कशासाठी लिहिता, असं तेव्हा एकानंही विचारलं नाही. पाणी ओसरल्यावर मी दोन लेख लिहिले. एक चिखलानं भरलेल्या घरांतून वस्तू बाहेर काढणाऱ्या बायकांवर. दुसरा पूर बघायला येऊन सेल्फी काढणाऱ्यांवर, चांगलाच संतापून. दुसरा कितीतरी जास्त वाचला गेला. त्यानंतर लिहायला बसलं की मन आधी शोधायचं, आता कुणावर चिडता येईल? त्या ओढीची मला तिथं भीती वाटली. वाचणारं कुणी असावं हे वाटणं वेगळं, आणि वाचणाऱ्यांच्या गर्दीनं माझा पुढचा विषय ठरवणं वेगळं.

फेसबुकवर 'लाइक'चं बटण 2009 च्या फेब्रुवारीत आलं. लिहिलेल्याच्या खालीच आकडा दिसायला लागला, आणि तोही सगळ्यांना. त्याआधी ही भूक नव्हती असं नाही. आमच्या गल्लीत एक निवृत्त गुरुजी होते. पेपरात वाचकांची पत्रं छापून येतात ना, तिथं ते सतत लिहायचे. नळाला पाणी नाही, एसटी वेळेवर नाही, गटार तुंबलंय. प्रत्येक कात्रण फुलस्केप कागदावर चिकटवून फाइलला लावलेलं, खाली तारीख आणि स्वतःच्या नावाखाली लाल पेन्सिलीची रेघ. पाहुणा आला की चहाच्या आधी फाइल यायची. नाव छापून आल्याचा आनंद त्यांना लहान मुलासारखा व्हायचा. म्हणून गटाराचं पत्र खोटं ठरत नव्हतं. फक्त ते पत्र किती जणांनी वाचलं हे त्यांना कधी कळायचं नाही, त्यामुळं पुढचं पत्र पुन्हा गटार तुंबलं तरच निघायचं. आजच्या लिहिणाऱ्याला ही मोकळीक राहिलेली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मला माझ्या लेखांतला सगळ्यात प्रिय कुठला म्हणाल, तर सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांवरचा. जमिनीत वीस-पंचवीस फूट खोल खड्डे, आत पाला आणि चटया लावून हळद भरायची, तोंड मातीनं लिंपून टाकायचं. वर्षानुवर्षं हळद तशीच्या तशी. पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही, आधी आतली कोंडलेली हवा जाऊ द्यायची. 2005 च्या पुरात पाणी शिरलं आणि बहुतेक पेवं गेली. अडतीवर जुनी माणसं बोलायची ते मी ऐकून लिहिलं. फार कुणी वाचलं नाही. पण काही महिन्यांनी पुण्याहून एका मुलाचा मेल आला. त्याचे आजोबा पेवात उतरायचे. त्यानं त्यांना लेख वाचून दाखवला, आणि आजोबांनी एक गोष्ट सांगून पाठवली. खाली उतरलेल्या माणसानं वरच्याशी सारखं बोलत राहायचं, काहीही, घरच्या गप्पासुद्धा. बोलणं थांबलं की विचारत बसायचं नाही, दोर ओढायचा. हे मला अडतीवर कुणी सांगितलं नव्हतं. लेख वहीत राहिला असता तर कधीच कळलं नसतं.

सध्या तासगावकडच्या बेदाणा शेडवर निवडणी करणाऱ्या बायकांवर लिहायचं मनात आहे. दोघींशी बोलणं झालं. एक म्हणाली, "नाव घाला ताई, फोटोपण टाका, माहेरच्यांना दिसू दे." दुसरी म्हणाली, "माझं काम लिहा, नाव नको." दोघींचंही तसंच करणार आहे.