स्थिर बसण्यापुरती ऊब

नोव्हेंबरचा तिसरा आठवडा उजाडला, की अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या मध्यभागी, वॉसॉ शहराजवळ असलेल्या आमच्या छोट्या गावातील पेट्रोलपंप, किराणा दुकाने आणि न्याहारीची ठिकाणे भडक नारिंगी रंगाने भरून जातात. थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या सणाच्या आधीच्या शनिवारी येथे बंदुकीने हरीण मारण्याचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो आणि या हंगामात शिकाऱ्याला दुसऱ्या शिकाऱ्याने हरीण समजू नये, म्हणून या रंगाचे कपडे घालणे १९८० पासून सक्तीचे आहे. २०१६ पासून झगझगीत गुलाबी रंगही चालतो, पण आमच्याकडे तो क्वचितच दिसतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी घातलेली असल्यामुळे, तेथून आलेल्या माणसाला हा सगळा प्रकार आधी खटकतो. मलाही खटकला आणि बंदूक मी आजही हातात धरत नाही. मात्र आमच्या शेजारी राहणारे, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, आयुष्यभर दुधाचा धंदा केलेले एक शेतकरी आजोबा ज्या मचाणात बसून शिकार करतात, त्या मचाणाची डागडुजी गेली चार वर्षे माझ्याकडे आहे, आणि केलेले काम टिकते की नाही हे पाहण्यासाठी मी त्यांच्यासोबत तेथे बसतोही.

या मचाणाला येथे ब्लाइंड म्हणतात. शिकारी आत दडलेला असतो आणि जनावराला तो दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. काही ब्लाइंड जमिनीवर उभारायच्या कापडी तंबूसारखे असतात, तर काही चार खांबांवर उभ्या केलेल्या लाकडी खोल्या असतात. ज्वारीच्या राखणीसाठी आपल्याकडे शेतात उभारतात तो माळा डोळ्यांसमोर आणावा, त्याला चारही बाजूंनी भिंती आणि वर छप्पर घालावे, म्हणजे आजोबांचा ब्लाइंड झाला. फरक इतकाच, की माळ्यावरचा राखणदार आरोळ्या ठोकतो आणि गोफण फिरवतो, तर ब्लाइंडमधल्या माणसाने खोकलासुद्धा गिळायचा असतो.

खरी अडचण तेथेच आहे. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून गोळी झाडता येते आणि त्या दिवसांत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणून सहालाच जागेवर जाऊन बसावे लागते. सकाळचे चार-पाच तास आणि दुपारी पुन्हा अंधार पडेपर्यंतचे दोन-तीन तास हालचाल न करता काढायचे असतात. पारा उणे १२ अंशांवर असला, तरी चालणाऱ्या माणसाला तो फारसा जाणवत नाही. बसलेल्या माणसाच्या मात्र अर्ध्या तासात पायांची बोटे बधिर होतात, तासाभरात तो गुडघे हलवू लागतो आणि दोन तासांनी हात चोळू लागतो. हरणाच्या डोळ्यांना नारिंगी रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही, पण चोळलेले हात त्याला शंभर पावलांवरून दिसतात. सुरुवातीला मला हीटर, गादीची खुर्ची आणि गालिचा हे म्हातारपणाचे लाड वाटले होते. ती स्थिर बसण्याची साधने आहेत, हे पटायला मला दोन हिवाळे लागले.

पहिल्या वर्षी आम्ही कापडी तंबू वापरला होता. सरकारी वनजमिनीवर असा तंबू लावायचा असेल, तर सर्व बाजूंनी दिसेल असे किमान १४४ चौरस इंच, म्हणजे फूटभर लांब आणि फूटभर रुंद इतके नारिंगी किंवा गुलाबी कापड त्यावर लावावे लागते. आमचा तंबू आजोबांच्या स्वतःच्या रानात होता, तरीही त्यांनी चारही बाजूंना जुन्या बंड्यांचे तुकडे पिनांनी टाचले. जमीन गोठून इतकी कडक झाली होती, की तंबूचे खुंटे हातोडीने वाकत होते, म्हणून आम्ही ड्रिलने लांब जाड स्क्रू जमिनीत पिळून बसवले आणि त्यांना दोऱ्या बांधल्या. वाऱ्याचा बंदोबस्त असा झाला, पण रात्रीच्या बर्फाचा झाला नाही. सकाळी गेलो, तेव्हा वीतभर ओल्या बर्फाच्या ओझ्याने छत आत बसले होते आणि त्याला तोलून धरणाऱ्या फायबरच्या दोन काड्या मोडल्या होत्या. बर्फ पडण्याचा अंदाज असेल, तर तंबूच्या मध्यभागी टेकू उभा करून ठेवावा, किंवा संध्याकाळी तंबू सरळ घडी करून घरी न्यावा, हे आम्ही त्या मोडक्या तंबूत बसून ठरवले.

त्याच सकाळी माझी दुसरी चूक झाली आणि ती कपड्यांची होती. अंगात सुती बनियन, त्यावर दोन स्वेटर, त्यावर जाड कोट अशा थाटात मी गुडघाभर बर्फातून अर्धा मैल चाललो आणि पोहोचेपर्यंत घामाने चिंब झालो. सुती कापड घाम शोषून घेते आणि धरून ठेवते; माणूस बसला, की तोच ओलावा अंगातली ऊब ओढून घेऊ लागतो. मला आठ वाजताच इतकी हुडहुडी भरली, की माझे दात वाजण्याच्या आवाजाने हरणे पळतील, असे आजोबा गंभीर चेहऱ्याने म्हणाले. आता मी अंगालगत पातळ लोकरीचा सदरा घालतो, चालताना थोडी थंडी वाजेल इतकेच कपडे अंगावर ठेवतो आणि जाड कोट पाठीवरच्या पिशवीला बांधून नेतो. तो बसल्यानंतर, घाम सुकला की मगच चढवायचा. लोकर ओली झाली तरी ऊब सोडत नाही, हे मला खरे तर कोणी शिकवायला नको होते, कारण आमच्या माणदेशातले मेंढपाळ पावसात घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन दिवसभर उभे असतात.

तंबू मोडल्यावर आम्ही आजोबांच्या जुन्या लाकडी ब्लाइंडकडे वळलो. सहा फूट लांब, सहा फूट रुंद, जमिनीपासून आठ फूट उंच असे ते खोके गुडघ्यांच्या दुखण्यामुळे त्यांनी दोन हंगाम वापरलेच नव्हते. भिंतींच्या फटी बुजवल्या की काम झाले, अशी माझी समजूत होती. आजोबांनी मात्र मला आधी बूट काढून खोलीच्या तळावर उभे राहायला सांगितले. खांबांवरच्या खोलीच्या तळाखालून वारा अखंड वाहत असतो आणि एका प्लायवूडच्या फळीखेरीज तुमच्या तळपायात आणि त्या वाऱ्यात काहीही नसते. म्हणून आम्ही पहिले काम तळाचे केले. खालच्या तुळयांच्या मधल्या जागेत दोन इंच जाडीचे टणक फोमचे तक्ते बसवले आणि उंदरांनी ते कुरतडू नयेत, म्हणून खालून पातळ प्लायवूड ठोकले. वरच्या बाजूने, गोठ्यात गायींच्या पायांखाली अंथरतात ती जाड रबरी चटई त्यांच्या रिकाम्या गोठ्यातून आणून टाकली आणि तिच्यावर जुन्या गालिचाचा तुकडा पसरला. त्या चटईला वीस वर्षांपूर्वीच्या शेणाचा वास अजून आहे, आणि आजोबांच्या मते हरणांना तो माणसाच्या वासापेक्षा पुष्कळ बरा वाटत असावा. गालिचाचा खरा उपयोग मात्र आवाजासाठी आहे, कारण थंडीने ताठलेल्या लाकडावर बुटाची टाच नुसती सरकली, तरी शांत रानात ती ऐकू जाते.

बुटांविषयीही येथे एक शहाणपण आहे, जे आपल्या सवयीच्या उलट जाते. थंडी वाढली की आपण मोज्यांवर मोजे चढवतो. पण बूट घट्ट झाला, की पायातले रक्त नीट फिरत नाही आणि ऊब धरून ठेवणारी हवाही आत उरत नाही. त्यापेक्षा एकच जाड लोकरी मोजा आणि एक माप मोठा बूट बरा. शक्य असल्यास बसल्यावर बूट काढून पाय कापूस भरलेल्या पिशवीत घालावेत. हातात धरायच्या गरम पुड्यांमध्ये लोखंडाची भुकटी असते आणि ती हवेतल्या प्राणवायूने गंजताना तापते. तीच पुडी घट्ट बुटात कोंबली, की हवेअभावी थंड पडते, आणि मग लोक पुडीला दोष देतात.

पायऱ्यांसाठी छपरावरून उरलेली खरखरीत डांबरी कौले आम्ही कापून ठोकली, त्यामुळे बर्फात पाय घसरत नाही. बंदूक हातात घेऊन मात्र कोणीही चढत नाही. ती रिकामी करून खाली ठेवायची, वर चढायचे आणि मग दोरीने ओढून घ्यायची. याबाबत आजोबा माझ्याशी थट्टेने बोललेले मला आठवत नाही.

आता हीटर. एका छोट्या नळकांड्यात साधारण ४५० ग्रॅम प्रोपेन गॅस असतो आणि सर्वांत कमी आचेवर तो सुमारे पाच तास पुरतो. आपल्याकडे बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरने किंवा रात्रभर ठेवलेल्या शेगडीने माणसे गुदमरून गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात वाचायला मिळतात. ब्लाइंडमधला हीटर हा त्याच जातीचा आहे. प्राणवायू कमी झाला, की आपोआप बंद होण्याची सोय चांगल्या हीटरमध्ये असते, पण ती सोय प्राणवायूवर चालते, कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूवर नव्हे. म्हणून आम्ही समोरासमोरच्या दोन खिडक्या इंचभर उघड्या ठेवतो आणि बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आजोबांच्या टोपीशेजारच्या खुंटीला टांगतो. एवढ्या खटाटोपाने मिळवलेली ऊब फटीतून बाहेर घालवायची, हे पहिल्या दिवशी माझ्या जिवावर आले होते.

फटीचे दुसरे कारण मला नंतर कळले. प्रोपेन जळताना पाण्याची वाफ तयार होते, आणि तीही थोडीथोडकी नव्हे. ते एक नळकांडे संपेपर्यंत जवळजवळ पाऊण लिटर पाणी हवेत मिसळलेले असते. त्यात दोन माणसांचे श्वास आणि थर्मासमधल्या चहाची वाफ धरली, की बंद खोलीत खिडक्यांवर आधी धुके, मग थेंब आणि हीटर बंद केल्यावर बर्फ हा क्रम ठरलेला. आमच्या सरकत्या खिडक्यांच्या खाचेत हे पाणी रात्रभरात गोठले आणि हंगामाच्या दुसऱ्या सकाळी, वीस पावलांवर एक धिप्पाड नर उभा असताना, खिडकी तसूभरही हलली नाही. आजोबांनी तळहाताने तिला हळूच रेटली, मग जरा जोराने रेटली आणि शेवटी बर्फाचा जो कडकन आवाज झाला, तो ऐकायला नर थांबला नाही. त्या दुपारीच मी खाचा काढून टाकल्या, खिडक्यांना वरच्या बाजूला बिजागऱ्या लावल्या, कडांना बनातीच्या पट्ट्या चिकटवल्या आणि उघडलेली खिडकी छताला चिकटून राहावी, म्हणून तेथे लोहचुंबक बसवले. धातू धातूवर टक् करून आपटू नये, यासाठी चुंबकावरही बनातच लावली.

वाफेमुळेच आजोबा रात्री बंदूक घरात आणत नाहीत. थंडगार नळी आणि बंदुकीवरची दुर्बीण उबदार खोलीत आली, की त्यांवर दव धरते आणि पहाटे बाहेर नेल्यावर तेच गोठते. म्हणून ती बाहेरच्या थंड पडवीतल्या कुलुपाच्या कपाटात असते.

खाण्याचे म्हणाल, तर चुरचुरणारी पाकिटे ब्लाइंडमध्ये वर्ज्य आहेत. बायकोने दिलेले बेसनाचे लाडू मी मोठ्या विश्वासाने नेले होते, कारण लाडवाचा आवाज होत नाही. चालत जाईपर्यंत त्यातले तूप थिजून असे घट्ट झाले, की लाडू दाताने फुटेना. तेव्हापासून मी ते कोटाच्या आतल्या खिशात, छातीशी ठेवून नेतो. आजोबांना ते इतके आवडले, की आता खिशात त्यांच्या वाटणीचे दोन जास्त असतात.

मागच्या हंगामात आमचे सगळे काम पूर्ण झाले होते. तळ उबदार होता, खिडक्या मुक्या होत्या, खुर्चीवर जाड गादी होती, बाहेर उणे १५ आणि आत आजोबांनी टोपी काढून ठेवण्याइतकी ऊब होती. साडेआठच्या सुमारास पाईनच्या झाडांतून तीन माद्या एकामागून एक बाहेर आल्या, आमच्या खिडकीसमोर थांबल्या आणि बर्फ उकरून खाली पडलेली ओकची फळे खाऊ लागल्या. मी हळूच मान वळवून पाहिले, तर आजोबा हनुवटी छातीवर टेकवून गाढ झोपले होते आणि त्यांचा श्वास अगदी संथ चालला होता. उठवावे तर हालचाल होणार, न उठवावे तर त्यांचा परवाना वाया जाणार, अशा पेचात मी दहा मिनिटे एकही बोट न हलवता बसलो, आणि मला जराही थंडी वाजली नाही. माद्या पोटभर खाऊन निघून गेल्या. जाग आल्यावर आजोबांनी खिडकीबाहेरच्या ताज्या पाऊलखुणा पाहिल्या, माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता हीटरची आच कमी केली.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही वर चढलो, तेव्हा खुर्चीवरची गादी नाहीशी झाली होती.