‘गप्पा’ म्हणजे पंधरा बाइट : घरच्या एसआयपी स्टॅकची नोंद ९

मागच्या नोंदीत मी छाती फुगवून लिहिलं होतं की माझा एसआयपी स्टॅक, म्हणजे इंटरनेटच्या पद्धतीने फोन लावायच्या नियमांचा मी स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम, झाला. माझ्या क्लायंटवरून माझ्याच सर्व्हरला फोन लागतो, आवाज दोन्हीकडून येतो, ठेवला की ठेवला जातो. ते वाक्य मागे घेतो. रविवारी कोथरूडला काकांच्या हॉलमध्ये आमची पहिली इंटरऑप बैठक (एकाचा स्टॅक दुसऱ्याच्या स्टॅकशी बोलतो का ते बघायची) झाली आणि तिथे माझं पितळ तासाभरात उघडं पडलं.

इंटरनेटच्या आद्य मंडळींपैकी जॉन पोस्टेल यांनी १९८७ मध्ये टीसीपीच्या (इंटरनेटवर माहिती क्रमाने पोचवायचे नियम) चाचणी मेळाव्यांची गुणपद्धत आरएफसी १०२५ म्हणून छापली होती; आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांची क्रमांक दिलेली कागदपत्रं. तिच्यात स्वतःशीच बोलता आलं तर एक गुण, दुसऱ्याशी बोलता आलं तर दोन. मी आठ नोंदी खर्ची घालून त्या पहिल्या एका गुणापर्यंत पोचलो होतो. (त्याच यादीत सगळ्यात चांगल्या सबबीलाही गुण ठेवलेत. आम्ही तो नियम जसाच्या तसा उचलला.)

एसआयपीवाल्यांची परंपरा तशी तरुण. एसआयपीची पहिली आरएफसी, २५४३, मार्च १९९९ मध्ये आली आणि पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आपापले स्टॅक घेऊन मंडळी जमली. तेव्हा त्याला बेक-ऑफ म्हणत. ते नाव पिल्सबरीच्या पाककृती स्पर्धेचा ट्रेडमार्क निघालं, म्हणून पुढे सिपिट झालं. कुणाची काय फजिती झाली ते बाहेर बोलायचं नाही, ही अशा मेळाव्यांची जुनी रीत. त्यामुळे खाली मी फक्त माझ्या चुका सांगतोय. बाकीच्यांच्याही होत्या, एवढंच.

मांडणी अशी : चौघांचे स्वतः लिहिलेले स्टॅक, काकांची कमाइलिओ प्रॉक्सी (कॉलचे संदेश मध्ये राहून पुढे पोचवणारा सर्व्हर) आणि जुन्या बाजारातून आणलेले दोन टेबलफोन. कुठल्याशा बंद पडलेल्या कॉल सेंटरचे असावेत; एकाच्या पाठीवर अजून ‘टीम ४’ अशी चिठ्ठी आहे. सगळं एका स्विचवर, बाहेरच्या टेलिफोन जाळ्याशी संबंध नाही. काका टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेत, त्यामुळे हॉलमध्ये केबलला लेबल नाही असं एकही टोक सापडत नाही.

पहिली कॉल प्रॉक्सीतून मैत्रिणीच्या स्टॅकला लावली. वाजली, उचलली. “हॅलो, येतोय का आवाज?” येत होता. टाळ्या. मग कॉल तुटली. परत लावली, परत तुटली. मी लगेच वायफायवर ढकललं आणि सबबीचा गुण घेतला, स्विचला केबलने जोडलेलो असताना! काका मात्र घड्याळ लावून बसले होते. “अरे, दर वेळेला बत्तीस सेकंदांनीच कसं तुटतंय?”

बत्तीस म्हटल्यावर पुढचं कळायला हवं होतं. उचलणाऱ्याने ‘२०० ओके’, म्हणजे ‘उचलला’, पाठवला की त्याला समोरून ॲक, म्हणजे पोच, यावा लागतो. नाही आला तर तो अर्ध्या सेकंदाने परत पाठवतो, मग एका, मग दोन, मग दर चार सेकंदांनी. त्या पहिल्या अर्ध्या सेकंदाला टी-वन म्हणतात, ५०० मिलिसेकंद. त्याच्या ६४ पट झाले की तो नाद सोडतो आणि बाय पाठवून कॉल मोडतो. ६४ गुणिले अर्धा, बत्तीस. एसएनग्रेपमध्ये (एसआयपीचे संदेश दाखवणारं साधन) पाहिलं तर ‘२०० ओके’ची रांग लागली होती आणि माझा ॲक प्रॉक्सीपर्यंत जाऊन गडप होत होता. प्रॉक्सीने येताना आपला पत्ता रेकॉर्ड-राउटमध्ये लिहून दिलेला असतो. पुढची चिठ्ठी त्या वाटेने पाठवायची आणि तिच्या माथ्यावर फोन उचलणाऱ्याने काँटॅक्टमध्ये दिलेला पत्ता घालायचा. मी दोन्ही न बघता ॲक मूळ पत्त्यावरच धाडत होतो. प्रॉक्सीला तो कुठल्या संभाषणाचा ते कळेना, तिने गुपचूप टाकून दिला. घरी मध्ये प्रॉक्सीच नव्हती, आणि माझा सर्व्हर तर ॲकची वाटच पाहत नव्हता. दुरुस्ती अकरा ओळींची झाली. सबबीचा गुण काकांनी परत घेतला.

खरी मजा जेवणानंतर.

कॉल लावायच्या संदेशात एसडीपी, म्हणजे आवाज कसा पाठवायचा त्याचं वर्णन, जातं आणि त्यात सत्राचं नाव लिहायची एक ओळ असते. घरी मी तिथे इंग्रजी लिपीत ‘टेस्ट’ लिहून मोकळा झालो होतो. बैठकीसाठी हौसेने तिथे देवनागरीत ‘गप्पा’ घातलं. प्रॉक्सी बाजूला ठेवून सरळ कॉल लावायच्या होत्या. तिन्ही दोस्तांच्या स्टॅकनी कॉल घेतली, बोलणं झालं, कीपॅडचे आकडेसुद्धा पोचले. तक्त्यात तीन हिरवे चौकोन. चौथी कॉल ‘टीम ४’वाल्या फोनला. त्याने ४००, म्हणजे ‘विनंती चुकीची’, देऊन दार लावून घेतलं.

सगळ्यांचं मत एकच पडलं : भंगारातला फोन, जुनं फर्मवेअर, सोडून दे. मीही सोडणार होतो. पण नाव पुन्हा ‘टेस्ट’ केल्यावर त्याच फोनने निमूट कॉल घेतली. भंगाराला मराठीचं वावडं असेल, तर त्याने आवाजाशी खेळ करावा, ४०० का द्यावा?

वायरशार्कमध्ये (पॅकेट उघडून बघायचं साधन) काँटेंट-लेंग्थ, म्हणजे संदेशाच्या वरच्या हेडर-ओळींत लिहिलेली मजकुराची लांबी, आणि प्रत्यक्ष मजकूर शेजारी ठेवून मोजलं. दहा बाइटांचा फरक. ‘गप्पा’ यात संगणकाच्या लेखी पाच खुणा : ग, प, हलन्त, प, काना. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते, म्हणजे पंधरा. मी पायथॉनमध्ये आधी लांबी मोजत होतो आणि मग बाइटांत रूपांतर करत होतो, म्हणून हेडरमध्ये पाचच्या हिशेबाने आकडा जात होता. फोनने नियम पाळला. यूडीपीवर (प्रत्येक संदेश सुट्या पॅकेटमध्ये जातो ती पद्धत) काँटेंट-लेंग्थच्या पलीकडे काही उरलं तर ते टाकून द्यायचं असं एसआयपीची नवी आरएफसी ३२६१ स्पष्ट सांगते. त्याने शेवटचे दहा बाइट कापले आणि नेमकी कीपॅडच्या आकड्यांची माहिती देणारी शेवटची ओळ अर्धी तुटली. अर्ध्या ओळीचं त्याने काय करायचं? बिचारा बरोबर होता.

मग त्या तिघांकडे कसं चाललं? त्यांच्यातला एकही काँटेंट-लेंग्थ बघतच नव्हता. रिकाम्या ओळीनंतर पॅकेट संपेपर्यंत सगळा मजकूर. माझा सर्व्हर बघत होता, पण तोही माझ्यासारखाच खुणा मोजत होता; चूक अधिक चूक, गोडीगुलाबी. हीच कॉल टीसीपीवरून लावली तेव्हा काय झालं ते बघण्यासारखं होतं. तिथे पॅकेटची हद्द नसते, म्हणून आता आकडा बघणं त्या तिघांनाही भाग होतं. उरलेले दहा बाइट पुढच्या संदेशाच्या डोक्यावर बसले आणि ॲकची पहिली ओळ कुणालाच वाचता येईना.

यावरून चहाच्या वेळी वाद पेटला. पोस्टेल यांचंच दुसरं वचन, १९८० च्या टीसीपीच्या आरएफसीतलं : पाठवताना काटेकोर राहा, घेताना उदार. मैत्रिणीचं म्हणणं, उदार होते म्हणून तर तुझी कॉल लागली. माझं म्हणणं, उदार होतीस म्हणून मला चूक कळली नाही. तीन हिरव्या चौकोनांनी फसवलं आणि एका लाल चौकोनाने वाचवलं. २०२३ ची आरएफसी ९४१३ बऱ्यापैकी माझ्या बाजूची आहे, पण ती मला तेव्हा आठवली नाही, घरी येताना कर्वे रस्त्यावर आठवली. शेवटी तोड अशी निघाली की प्रत्येकाने एक ‘कडक’ स्विच ठेवायचा. बैठकीत तो चालू, घरी ज्याची त्याची मर्जी. मी माझा घरीही चालू ठेवलाय.

आता किरकोळ. टेबलफोन काही हेडर एकाक्षरी पाठवतात, व्हायाऐवजी (संदेश कुठल्या वाटेने आला ते सांगणारं हेडर) नुसतं ‘व्ही’. मला ते वाचताच येत नव्हते, पाच मिनिटांचं काम. व्हायाच्या ब्रँचमध्ये (त्या व्यवहाराची ओळख) सुरुवातीला सात अक्षरांची ठरलेली खूण लागते, पत्राच्या माथ्यावर ‘श्री’ असावी तशी; ती माझ्याकडे पहिल्यापासून होती, तेवढीच एक शाबासकी मिळाली.

आणि काकांची तक्रार. ‘१८० रिंगिंग’ आला की वाट बघणाऱ्याच्या कानात घंटा आपणच वाजवायची असते. मी कुठूनतरी अमेरिकन घंटा उचलली होती, दोन सेकंद वाजते, चार गप्प. काकांनी रिसीव्हर कानाला लावला आणि तोंड वाकडं केलं. “हा काय फोन वाजला? आपला कसा, पॉइंट चार, पॉइंट दोनचा खंड, परत पॉइंट चार, मग दोन सेकंद शांत.” टेबलावर बोटांनी वाजवूनही दाखवलं. तेवढं मी तिथल्या तिथे बदललं, पण ४०० हर्ट्झच्या सुरावर २५ हर्ट्झची थरथर हवी ती अजून जमलेली नाही. माझी घंटा सपाट वाजते आणि काकांना फोनवरूनसुद्धा कळतं.

सध्याचा तक्ता : साधी कॉल चारही ठिकाणी हिरवी, टीसीपी हिरवं, आरएफसी ४४७५ मधल्या छळ-संदेशांपैकी (स्टॅकची परीक्षा घ्यायला मुद्दाम अवघड रचलेले) निम्मे लाल, होल्ड सगळीकडे लाल. होल्ड केलं की माझ्याकडून आवाज थांबतो, पण सोडल्यावर परत येत नाही. दुसऱ्या टेबलफोनवर तर उलटं, होल्डमध्येही मी ऐकू जातो; परवा त्यामुळे आईशी चाललेलं भाजीचं बोलणं समोर पोचलं. पुढची बैठक होईपर्यंत री-इन्व्हाइट (चालू कॉल होल्डवर टाकायला-सोडायला पाठवतात तो संदेश) उघडून बसतो.