पाचवा वायसर बसला!

मंडळी, बसला. आबाजींच्या नॅशनल ३५ या जुन्या छर्ऱ्याच्या बंदुकीत माझ्या हातचा पाचवा चामडी वायसर (हवा अडवणारी वाटी) बसला, आणि काल संध्याकाळी गोठ्यामागच्या १० मीटरच्या पट्ट्यावर पाचही छर्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले. हाताखाली रेतीची पिशवी, नेम धरायला साधी उघडी माशी, दुर्बीण नाही. एप्रिलमध्ये हीच बंदूक पाच छर्रे वाटीएवढ्या जागेत पसरवत होती. मी तो कागद घडी न घालता वहीत ठेवला आहे.

तीन दिवसांच्या झडीनं डवरणी थांबली, म्हणून एवढा वेळ मिळाला. मागच्या वेळी लिहिलं होतं की चामडी वायसरऐवजी तयार सिंथेटिक सील मागवतो आणि विषय संपवतो. ते सील आलं, पण पिस्टनच्या नळीत ढिलं निघालं. आत घालून पाहिलं तर कडेनं उजेड दिसत होता. विकणाऱ्यानं 'सर्व ३५ ना चालतं' असं छापलं होतं. जुन्या ३५ दोन हातांत दोन तऱ्हेच्या असतात, हे आपल्यातल्या कोणालाही माहीत आहे. माप न विचारता सील विकणाऱ्याकडून मी परत काही घेणार नाही.

नव्यानं आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. नॅशनल ही इंडियन ह्यूम पाइपची बंदूक. वालचंद हिराचंदांनी १९२६ मध्ये काढलेली तीच पाइपांची कंपनी. बांधणी जर्मनीतल्या रास्टाट गावच्या डायना ३५ च्या वळणाची: नळी सांध्यावर मोडायची, म्हणजे खाली वाकवायची, स्प्रिंग दाबली जाते, ट्रिगर ओढला की पिस्टन पुढं धावतो आणि त्याच्यापुढची हवा छर्ऱ्याला ढकलते. त्या पिस्टनच्या तोंडावर चामड्याची वाटी असते, तीच आपला वायसर. वाटीचं तोंड पुढं. हवा दाबली की ओठ बाहेर फाकतो आणि पिस्टन ज्यात धावतो त्या नळीच्या भिंतीला चिकटतो. हातपंपाचा बकेट वायसर, सायकलच्या पंपाचा वायसर, रॉकेलच्या स्टोव्हचा वायसर, सगळे याच युक्तीवर चालत आले.

त्यामुळे पहिला वायसर मी जुन्या बुटाच्या चामड्याचा कापला. चामडं जाड होतं, मऊ होतं, दिसायला उत्तम. भिजवला, साच्यात दाबला, दोन दिवसांनी काढला तर वाटी उघडून पुन्हा चकती झालेली. दुसराही तसाच गेला. मला वाटलं साचा चुकला. आर्वीच्या लेथवाल्याकडून दोन तुकड्यांचा नवा साचा करून घेतला, एक खळगा आणि एक ठोकळा, मधे चामड्याच्या जाडीएवढी फट. त्याचं काम इतकं नेमकं आहे की ठोकळा तेल लावून सोडला तर स्वतःच्या वजनानं हळूहळू खाली जातो. तरी तिसरा वायसर बिघडलाच.

मग तो तुकडा घेऊन बाजारातल्या चांभार काकाजींकडे गेलो. त्यांनी रापीनं कड कापली, कापलेली बाजू उन्हात धरली आणि मला दाखवली. आतून निळसर करडी.

"बाबू, हे क्रोमचं कातडं हाय. याले भिजवलं तं फुगन, वाळलं तं पुन्हा सपाट. हे आकार धरत नाही. तुले सालीचं कातडं पायजे."

म्हणजे बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं. हे चामडं पाण्यात भिजल्यावर मातीसारखं वळतं आणि वाळल्यावर दिलेला आकार सोडत नाही. कोल्हापुरी चपलेचा तळ त्याच चामड्याचा असतो. काकाजींचे वडील गांधीजींच्या काळात वर्ध्याजवळ नालवाडीच्या चर्मालयात कामाला होते, त्यामुळे त्यांना हे सगळं हाताच्या स्पर्शानं कळतं. त्यांनी आपल्या पेटीतून तळाचा एक तुकडा काढून दिला. पैसे घेईनात. मी बळेच ठेवले. मंडळी, तीन महिने मी साचा, स्क्रू, तेल, सगळ्यावर शंका घेत होतो आणि चूक पहिल्याच पायरीवर, चामड्याच्या जातीत होती. तुमच्या गावात असा जुना हात असेल तर आधी त्याच्याकडे जा.

चौथा वायसर त्या तुकड्याचा, आणि आकार अगदी घडीव आला. तो मी मारला, मे महिन्याच्या उन्हात. लवकर वाळावा म्हणून साचा टिनावर ठेवला. आपल्याकडचं मे महिन्याचं टिन म्हणजे तवाच. संध्याकाळी उघडलं तर ओठाला तीन चिरा आणि वाटी आक्रसून पिस्टनवर हलत होती. त्या रात्री जेवण गोड लागलं नाही.

पाचव्याला घाई केली नाही. कोमट पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत भिजवला, साच्यात शिकंज्यानं थोडा थोडा आवळला, आणि साच्यासकट ज्वारीच्या डब्यात पुरून ठेवला. धान्य ओल हळूहळू ओढून घेतं. ही कल्पना आईची, ती पापडखार तसाच ठेवते. पाच दिवसांनी काढला तर टणक, घंटेसारखा. ओठाची बाहेरची बाजू बारीक कानशीनं नव्हे, शून्य नंबरच्या पॉलिश पेपरनं घासली, दर चार फेऱ्यांनी नळीत घालून पाहत. स्प्रिंगशिवाय पिस्टन आत सरकवायचा, हवा जिथून छर्ऱ्याकडे जाते त्या पुढच्या भोकावर बोट दाबून धरायचं आणि ढकलायचं. हवेची गादी लागून पिस्टन मागं उसळला पाहिजे. पाचवा उसळला. मी तो खेळ निदान वीस वेळा केला.

मग एरंडेल. कोमट एरंडेलात एक दिवस बुडवून, दोन रात्री कागदावर निथळत ठेवला. तरीही पहिले पंधरा-वीस छर्रे धूर आणि फटाक्यासारखा आवाज करत गेले. हवा एकदम दाबली की तापते, तेलाचा अंश पेट घेतो. ट्रॅक्टरच्या इंजिनात डिझेल पेटतं तसंच. हे थोडं चालतं, पण कायम होत राहिलं तर वायसर जळतो आणि स्प्रिंग मोडते. म्हणून पुढच्या भोकातून खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल सोडू नका, कोणी कितीही सांगो. विसाव्या छर्ऱ्यानंतर आवाज बसला, नुसता 'थप्'.

आणि हो, बंदूक उघडताना सुताराचा शिकंजा वापरा. बंदूक भरलेली नसली तरी स्प्रिंग आत दाबलेलीच असते.

आता आकडे. मोबाइलमधल्या आवाजावरून वेग मोजणाऱ्या ॲपनं, एच अँड एन कंपनीच्या ०.५३ ग्रॅमच्या मॅच (स्पर्धेच्या) छर्ऱ्यांवर, सेकंदाला सरासरी १४९ मीटर. म्हणजे साधारण ६ ज्यूल. २०१६ च्या शस्त्र नियमांतली परवानामुक्त एअर रायफलची मर्यादा २० ज्यूल आणि ४.५ मिमी नळी, तिच्या खूप आत. जुन्या वायसरवर वेग ११८ ते १३९ मध्ये कुठंही फिरायचा. स्वस्त छर्ऱ्यांचा डबा मी सोनाराच्या काट्यावर तोलला, एकाच डब्यात वजनं इतकी वेगळी निघाली की त्यावर बंदुकीची परीक्षा घेण्यात अर्थ नाही. सरावाला ठीक, मापाला नाही.

पण दहातले दोन छर्रे तरीही खाली पडत होते. परवा पूर्ण दिवस यात गेला. दस्त्याचे स्क्रू आवळले, माशी तपासली, पकड बदलली. स्प्रिंगची बंदूक दोनदा हलते, पिस्टन पुढं धावताना मागं आणि पिस्टन थांबताना पुढं, आणि छर्रा नळी सोडतो तो त्याच गडबडीत. म्हणून ती घट्ट धरायची नाही, तळहातावर ठेवायची. ते मी करतच होतो. शेवटी घरात पडलेल्या सरकीच्या कापसाचा पुंजका, बोटभर, नळी जिथं मोडते त्या सांध्यावर ठेवला आणि ट्रिगर ओढला. पुंजका उडून गोठ्याच्या कुडाला लागला. हवा तिथून निसटत होती! सांध्यातला छोटा वायसर चपटा झालेला. त्याच्याखाली कागदाची पातळ चकती घातली, पुंजका जागेवर राहिला, आणि मग काल संध्याकाळचे ते पाच छर्रे.

कागदाची चकती कायमची नाही. तिथंही सालीच्या चामड्याचा वायसर कापायचा बेत होता. पण हे लिहिता लिहिता समोर ठिबकच्या सामानाची पिशवी दिसते आहे. फिल्टरच्या जोडणीत लहान रबरी ओ-रिंग असतात. आत्ताच एक काढून सांध्यावर धरून पाहिली, बाहेरून जवळजवळ तंतोतंत, जाडीला किंचित जास्त. पेपरवर घासून उतरेल. म्हणजे पिस्टनला चामडं आणि सांध्याला रबर. नवी स्प्रिंग मागवायचा बेतही रद्द. १४९ पुरे, जोर वाढवला तर झटका वाढेल.

गेल्या वेळी एका दादांनी विचारलं होतं की इतक्या खटपटीत नवी प्रिसिहोल एअर रायफल आली असती, ही का? प्रिसिहोल चांगलीच आहे, पुतणीला शाळेच्या स्पर्धेसाठी मी तीच सुचवली. पण प्रत्येकाची एक असते. आमच्या मोठ्या बाबांची इशापूर कारखान्याची .३१५ रायफल आहे, .३०३ सैन्याची गोळी म्हणून सामान्यांना मिळत नव्हती म्हणून आलेली. निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा होते आणि परत आली की मोठे बाबा आधी बोल्ट चारदा मागंपुढं करतात, डोळे मिटून. तोच आवाज त्यांना हवा असतो. मला ही हवी, कारण हिच्या दस्त्यावर गालाच्या जागी आबाजींच्या घामानं काळा पडलेला तळहाताएवढा डाग आहे. पोळ्याच्या दिवशी बैल सजवून झाले की ते आम्हा पोरांना ओट्यावर बसवून गोडेतेलाच्या डब्याचं झाकण टांगायचे, आणि पहिला छर्रा धाकट्याला द्यायचे. बंदूक कुणाकडे रोखायची नाही, पाखरावर तर नाहीच, हे मी त्या ओट्यावर शिकलो. दस्ता घासून पॉलिश करा असं तिघांनी सुचवलं आहे. तो डाग मी घासणार नाही. बाकी दस्त्याला जवसाचं तेल, पातळ हातानं, पाऊस ओसरल्यावर.

साचा आहेच, काकाजींकडून आणखी एक तुकडा आणतो आणि तीन वायसर जास्तीचे करून ठेवतो. ज्यांच्याकडे नॅशनल ३५ पडून आहे त्यांनी पिस्टनच्या नळीचं आतलं माप कॅलिपरनं दोन जागी घेऊन कळवा, माझ्या साच्याशी जुळलं तर एक तुमचा. ओ-रिंगचा निकाल उघाड पडली की. दसऱ्याला ही पाटावर विळ्या-कुदळीशेजारी ठेवायची आहे, आणि त्याआधी पुतणीच्या हातून झाकणाला पहिला छर्रा.